चुलीवरच्या माळ्यावरचे डबे

आमच्याकडे जे सुकं राहायला हवं ते चुलीवरच्या माळ्यावर जातं. मीठ, कोकमाची सोलं, सुके बांगडे, बियाणं. खाली चूल पेटली की वर ऊब राहते. हे कुणी शिकवत नाही, हात आपोआप वर जातो.

मोठे दीर मुंबईहून आले आणि पर्यटकांसाठी मागच्या दोन खोल्या नीट करायला घेतल्या. पाऊस चालूच होता, भिंती ओल धरत होत्या. खिडक्यांच्या फटी आणि स्लॅबच्या भेगा बुजवायला मिस्त्रीने सीलंटच्या नळ्या आणल्या, आणि त्याआधी लावायच्या पातळ प्रायमरचे डबे. संध्याकाळी जाताना तो जाऊबाईंना म्हणाला, "वैनी, सुक्या जाग्यार ठेवा हां. वल लागली तर सगळा फुकट."

जाऊबाईंनी लगेच सगळं माळ्यावर चढवलं.

मला मिस्त्रीचाच संशय आला. इतकं जपायचं तर स्वतःच्या घरी का नेत नाही? मी चौथीपर्यंतच शिकलेली, डब्यावरचं इंग्रजी मला येत नाही. पण लाल चौकटीत आगीच्या ज्वाळेचं चित्र होतं, ते मी पुन्हा पुन्हा बघितलं. बोलले मात्र नाही. दिरांसमोर माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, आणि स्वयंपाकघर जाऊबाईंचं. सकाळी चूल पेटवायची ती मी.

पुढे पावसाने काम काही दिवस अडलं. उघडीप झाली त्या सकाळी स्वयंपाकघराचं दार उघडलं तर उग्र वास. आधी वाटलं बांगड्यांना ओल लागली. मग कोपऱ्यातल्या गॅसच्या सिलिंडरवर संशय गेला. नळीला साबणाचं पाणी लावून बघितलं, बुडबुडा नाही. स्टुलावर चढले तेव्हा कळलं. एका डब्याचं झाकण फुगलं होतं आणि कडेने काहीतरी पाझरत होतं. मी खिडक्या उघडल्या, मागचं दार उघडलं, आणि काड्यापेटी मुठीत धरून पायरीवर जाऊन बसले.

जाऊबाई आल्या. "काय गो, आज सगळ्यांचो उपास धरलंस काय?"

मागून दीर म्हणाले, "चाय मिळतली की हॉटेलात जाव?"

मी खाली बघत म्हटलं, "डब्याचा झाकण फुगला हा. वास येता. काडी ओढूची नाय."

"तुका काय कळता त्यातला? चौथीत ह्या शिकवतत काय?" दीर हसले. जाऊबाई हसल्या नाहीत. आपल्या ठेवण्यावर मी बोट ठेवलं म्हणून त्यांचा चेहरा कडक झाला होता. तरी मी मूठ उघडली नाही.

तेवढ्यात मिस्त्री आला. त्याला सांगितलं, तशी तोंडातली विडी त्याने अंगणातच पायाखाली चिरडली. तेव्हा माझी खात्री पटली.

"हे हंय कोणी ठेवले?"

"तूच सांगलंस सुक्यात ठेव म्हणान," जाऊबाई उसळल्या.

"सुक्यात म्हणजे चुलीर काय, वैनी? उद्या पेट्रोलपण थंय ठेवशात!"

तो हसला, पण डबे उतरवताना त्याचे हात फार सावकाश चालले होते. फुगलेला डबा त्याने दूर माडाखाली सावलीत नेला. बाकीचे रिकाम्या गोठ्यात फळीवर ठेवले. वारा खेळता हवा, आग लांब हवी, झाकणं घट्ट हवीत, हे सगळं तो आता सांगत होता. मग म्हणाला, "आता काय भय नाय, पेटवा चूल."

स्वतः मात्र अंगणातच उभा राहिला.

जाऊबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "दी हंय ती काडयेपेटी. तू भायर रव." त्या एकट्या आत गेल्या. काडी ओढल्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या आणि माझ्याशेजारी पायरीवर टेकल्या.

"तुका अजून वास येता काय गो?"

"येता."

"मगे बसया," म्हणाल्या, आणि दिरांना हाक मारून सांगितलं, "तुमी हॉटेलात जावा. आमकाय दोन चाय घेवन येवा."