आक्काबाईची जीभ आणि सोपानरावांचा डोळा

भोसरीच्या वर्कशॉपमध्ये त्या काळी कुणाच्या डोळ्यात लोखंडाचा कीस गेला, की तो दवाखाना शोधत बसत नसे. थेट आक्काबाईची खोली गाठायचा. आक्काबाई मिठाच्या पाण्यानं चूळ भरायची, पापणी उलटायची आणि जिभेच्या टोकानं कीस अलगद उचलून आणायची. घटकाभरात माणूस पुन्हा मशीनवर उभा.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात तिच्या धाकट्या भावाचं, सोपानरावांचं, पुण्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यांचा डावा डोळा लहानपणीच बाभळीच्या काट्यानं गेला होता. उरलेला हा एकच. दहाव्या दिवशी ते बहिणीकडे आले, आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "आक्के, डोळ्यात कायतरी खुपतंय. काढ की."

"डॉक्टरनी हात लावू नगा म्हणून बजावलंय न्हवं?"

"हात नगं म्हणाले, पाणी नगं म्हणाले. जिभेचं नावबी काढलं न्हाई."

आक्काबाई हसली आणि चूळ भरायला उठली. पण खुपत होता तो ऑपरेशनचा टाका. जिभेला काहीच लागलं नाही.

दोन दिवसांत डोळा लालभडक झाला, पापणी सुजली, आत पांढरा पू साचला. समोर धरलेला हात सोपानरावांना दिसेना. पहिल्या बसनं दोघं पुण्याला गेली.

"डोळ्यात काय घातलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्या जीभ लावली," आक्काबाई म्हणाली. "मिठानं चूळ भरली व्हती, सायेब."

"मिठाला जंतू भीत नाहीत, बाई. ते सगळ्यांच्याच तोंडात असतात. धडधाकट डोळा त्यांना सहसा आत घेत नाही. हा तर नुकताच कापून शिवलेला."

"दिसत्यात का ते?"

डॉक्टरांनी डोळ्यातला पू काचेच्या पट्टीवर घेऊन तपासायला पाठवला. ती पट्टी रंगवून आल्यावर त्यांनी तिला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. आक्काबाई वाकली. आत जांभळे मणी, धाग्यात ओवल्यासारखे, माळांमागून माळा. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढीशी चीज, आणि माणसाचा उजेड खाते!

"डोळा वाचेल असं मी सांगत नाही," डॉक्टर म्हणाले. "इंजेक्शनं देऊ. थेंब मात्र तासातासाला पडले पाहिजेत."

ते काम आक्काबाईनं नर्सकडून मागून घेतलं. दर खेपेला कोपरापर्यंत साबण लावायची, तोंडावर पदर घट्ट बांधायची, मगच बाटलीला हात. एकही तास चुकला नाही. चार दिवस गेले, सहा गेले. सोपानराव नुसता अंधार सांगत. सातव्या दिवशी खिडकीकडे उजेड आहे म्हणाले.

नवव्या दिवशी सकाळी ती थेंब घालायला वाकली, तर ते टक लावून बघत होते.

"आक्के," ते हळूच म्हणाले, "धुकटच दिसतंय. पर तोंडाला हे काय बांधलंयस गं?"