उघडं इंजिन

"साहेब बघून जाईपर्यंत इंजिनवर हेड बसवायचं नाही," अंबडच्या गॅरेजात मिस्त्री जोडीदाराला दटावत होते. पप्पांनी हौसेने घेतलेली जुनी डिझेल जीप समोर इंजिन उघडं टाकून उभी होती. पप्पांना जाऊन पंधरा दिवस झाले होते. डिझेलचा वास आला की गॅरेजातली ती दुपार अजून आठवते. मला पाहून मिस्त्री म्हणाले, "काय ताई, साहेब फोन उचलत नाहीत?" मी हळूच म्हणाले, "पप्पा गेले." "कुठं, इगतपुरीला? या जिपड्याशिवाय करमतं होय त्यांना?" ते हसले आणि हात पुसून कौतुकाने हेडखाली बसवायचं नवं गॅस्केट दाखवू लागले. घरी सगळे 'गेले' एवढंच म्हणायचे. दुसरा शब्द माझ्या तोंडून कधी निघालाच नव्हता. मिस्त्रींचं बोलणं संपेपर्यंत मी थांबले आणि म्हणाले, "काका, पप्पा वारले."