भागाबाईची टिचकी

आमच्या आंजी गावात तिशीच्या आतलं असं नाक शोधून सापडणार नाही, ज्याला भागाबाई मडावीची टिचकी बसलेली नाही. माझंही त्यात आलंच.

भागाबाई आमच्या अंगणवाडीत मदतनीस. घरोघरी फिरून पोरं गोळा करायची, खिचडी शिजवायची, भांडी घासायची, हे तिचं काम. पण येता-जाता ती समोरच्या पोराच्या सदऱ्यावर बोट ठेवायची आणि गंभीर चेहऱ्यानं विचारायची, "हे काय लागलं रे तुले?" पोरगं मान वाकवून खाली बघतंय, तोच बोट वर येऊन नाकावर टिचकी बसायची. फसलेलं पोरगंच मग सगळ्यांत जोरात हसायचं आणि परत फसायला तिच्यापुढं उभं राहायचं.

तिचा दुसरा गुण नकलांचा. घरात ती गोंडी बोलायची, बाहेर वऱ्हाडी, आणि नक्कल करायची असली की ज्याची त्याची भाषा. नाकात बोलणाऱ्या आणि दर वाक्याला "समजलं ना?" म्हणणाऱ्या सुपरवायझर मॅडम तर तिच्या विशेष आवडीच्या. एकदा पोरांची वजनं तपासायला आलेल्या मॅडम गंमत म्हणून स्वतः काट्यावर उभ्या राहिल्या, तेव्हा भागाबाईनं मागून हळूच पायाचा अंगठा टेकवला. मॅडमनी त्यानंतर दोन महिने भात खाल्ला नाही. बाबाराव उईकेंना तिनं सांगितलं होतं, की आधार कार्डाच्या फोटोला आता मिशी चालत नाही. बाबारावांनी चाळीस वर्षांची मिशी काढून फोटो काढला आणि घरी आल्यावर त्यांना खरं कळलं.

याच बाबारावांची नात रक्षा, साडेतीन वर्षांची. बाप अमर हायवेवरच्या जाम गावात टायरच्या दुकानात कामाला, शनिवारी घरी येणार. आई रीना कापूस वेचायला जायची. रक्षाचा उजवा कान कित्येक महिने वाहत होता, पण वाहता कान गावात कोणाला नवा नसतो. घरात तेल कोमट करून घालत होते.

गेल्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर रक्षाला ताप आला. सकाळी उठली की उलटी व्हायची. डॉक्टरकडून पाच दिवसांचं औषध आणलं. मधे एक दिवस ताप उतरला, तेव्हा ती अंगणवाडीत आली, पण पाय फाकवून, डोलत डोलत. "रातभर वरातीत नाचून आली का व?" असं म्हणत भागाबाई तिच्या मागं तशीच डोलत चालली. पोरं हसून हसून लोळली. रक्षा तेवढी हसली नाही. हे भागाबाईच्या लक्षात आलं, पण नंतर.

दुसऱ्या दिवशी रक्षा आली नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी दुपारी भागाबाई खाऊचं पाकीट घेऊन तिच्या घरी गेली. रीना वेचणी सोडून घरी थांबली होती. पोरगी अंगणात बाजेवर पडलेली, डोकं मागं टाकून, उजेड नको म्हणून डोळ्यांवर हात घेऊन. भागाबाईनं सवयीप्रमाणं तिच्या फ्रॉकवर बोट ठेवलं.

"हे काय लागलं व तुले?"

रक्षाचे डोळे खाली गेले. मान गेली नाही.

भागाबाईला आधी वाटलं, पोरगी हुशार झाली. मग तिनं शेंगदाण्याचा लाडू तिच्या पोटावर ठेवला आणि उचल म्हणाली. डोळे लाडूकडं गेले, हनुवटी होती तिथंच राहिली. भागाबाईनं डोक्याखाली हात घालून हळूच उचलून बघितलं, तर मान वाकेना, फळी उचलावी तशी सगळी पाठ वर आली. दोन्ही गुडघे आपोआप पोटाशी गेले आणि रक्षा किंचाळली. लाडू घरंगळून खाली पडला, तो कोंबडीनं पळवला. एरवी यावर भागाबाई दिवसभर हसली असती.

दोन वर्षांमागं वर्ध्याला एक प्रशिक्षण झालं होतं. तिथल्या डॉक्टरांची नक्कल तिनं गावात येऊन इतक्यांदा केली होती, की त्यांची वाक्यं तिला पाठ होती. त्यातलं एक होतं, "ताप आहे आणि मान कडक आहे, तर बाई, चहासुद्धा प्यायला थांबू नका." गाव या वाक्याला पोट धरून हसलं होतं. ते वाक्य आता तिच्या कानात त्याच आवाजात वाजलं.

तिनं बाबारावांना सांगितलं, पोरीला आत्ताच वर्ध्याला न्या. बाबाराव म्हणाले, सकाळपासून ताप कमी आहे, औषधाचा एक दिवस उरला आहे, तेवढा डोस पुरा होऊ दे, शनिवारी अमर येतोच. भागाबाईनं परत परत सांगितलं, शपथ घेतली. बाबारावांनी अर्धवट उगवलेल्या मिशीवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाले, "तुह्यं आयकून एकदा पाह्यलं मी." रीना सासऱ्याकडं आणि भागाबाईकडं आळीपाळीनं बघत उभी होती.

भागाबाई तिथून उठली आणि जवळजवळ पळत अंगणवाडीत आली. सेविका नलूताई रजिस्टर भरत बसली होती. भागाबाईनं तिला जेमतेम दोन वाक्यांत काय झालं ते सांगितलं, तिचा मोबाईल उचलला, बाबारावांचा नंबर लावला आणि दोन बोटांनी नाक धरलं.

"बाबाराव उईके का? मी सुपरवायझर मॅडम बोलतेय. तुमच्या नातीची मान कडक झाल्याचं मला कळलंय. तिला आत्ताच्या आत्ता वर्ध्याला न्यायचं. गाडी येतेय. डोसबिस मला सांगायचं नाही. समजलं ना?"

तिकडं बाबाराव उठून उभे राहिले होते, असं रीना नंतर सांगायची. त्यांनी तीनदा "हो मॅडम" म्हटलं आणि फोन ठेवून रीनाला पिशवी भरायला सांगितली.

नलूताईचा चेहरा पांढरा पडला होता. नोकरी जाईल दोघींची, असं ती पुटपुटली. भागाबाईनं फोन तिच्या हातात दिला. "ते मंग पाहू. आता एकशे आठले फोन लाव. तो तुह्या आवाजात लाव."

वर्ध्याच्या दवाखान्यात आधी डोक्याचा फोटो काढला. कानामागचं हाड सडून पू आत गेला होता आणि मेंदूच्या मागच्या भागात बोराएवढी गाठ झाली होती. शिवाय मेंदूच्या आवरणालाही सूज होती. वॉर्डातल्या तरुण डॉक्टर अंकिता यांनी रीनाला नीट समजावलं, की कान फुटणारी पोरं ढिगानं असतात, पण तिथला जंतू मेंदूत पोचणं फार क्वचित घडतं. म्हणून कोणी मनावर घेत नाही, आणि मग असं होतं. शनिवारपर्यंत थांबलो असतो तर, असं रीनानं विचारलं. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या संमतीचा कागद तिच्यापुढं ठेवला.

कवटीला छोटं भोक पाडून पू काढला. तपासणीत जंतूचं नाव आलं प्रोटियस. भागाबाईला ते ऐकू आलं तिच्या परीनं. दुसऱ्या दिवशी भरल्या वॉर्डात तिनं काळजीनं विचारलं, "मॅडम, पोरीच्या डोक्यातला तो पोट्ट्या निघाला का?" आमच्याकडं पोट्ट्या म्हणजे पोरगा, त्यामुळं आजूबाजूच्या चार खाटांवरचे नातेवाईक वळून बघायला लागले. आठवडाभरात नर्सबायाही पोट्ट्याच म्हणू लागल्या.

पण ही गंमत तिनं मुद्दाम केलेली नव्हती. पहिले नऊ दिवस भागाबाईनं एकही नक्कल केली नाही. रजा टाकून ती वॉर्डाबाहेर बसून राहायची. एका दुपारी डबा खाता खाता ती रीनाला म्हणाली, "मी तिच्या चालीची नक्कल केलती व. पोरीच्या डोक्यात पू होता, अन् मी पोराइले हासवून राह्यलती." रीनानं डब्यातली भाजी भागाबाईकडं सरकवली.

मान कडक आहे हे तुम्हाला कसं कळलं, असं डॉक्टर अंकितांनी विचारलं, तेव्हा भागाबाईनं लाजत करून दाखवलं. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे खाली बघितलं आणि त्यांच्या नाकावर टिचकी बसली. आम्हीही मान अशीच वाकवून बघतो, त्या नाक चोळत म्हणाल्या, फक्त शेवटचं आमच्या पुस्तकात नाही. खाटेवरून रक्षा हे बघत होती. तिच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. आजारानंतरचं तिचं ते पहिलं हसू.

सहा आठवडे शिरेतून औषध चाललं. रक्षा घरी आली, तेव्हा भिंत धरून चालायची. बाबाराव मात्र, खुद्द मॅडमचा फोन आला म्हणून, ताठ चालत होते. तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन ते थेट मॅडमच्या ऑफिसात गेले आणि हात जोडून म्हणाले, तुमच्या एका फोननं नात वाचली. मॅडमनी शेंगा घेतल्या, थोडा विचार केला आणि दुसऱ्या दिवशी आंजी गाठली.

"काढा," त्या भागाबाईला म्हणाल्या, "माझा आवाज काढून दाखवा."

भागाबाईनं जमिनीकडं बघितलं, नलूताईकडं बघितलं आणि नाक धरलं. फोनवरचं सगळं बोलणं तिनं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग नलूताईला विचारलं, "मी 'समजलं ना' इतक्यांदा म्हणते?" नलूताई छताकडं बघायला लागली. भागाबाईला लेखी समज मिळाली. पुढच्या महिन्यातल्या बैठकीत वाहता कान आणि कडक मान यांवर अर्धा तास बोलायलाही मॅडमनी तिलाच उभं केलं. तिथं बत्तीस बायकांना टिचक्या बसल्या.

बाबारावांचा मात्र या कशावर विश्वास बसला नाही. मॅडमचा आवाज आपण ओळखत नाही का, असं ते आजही विचारतात. भागाबाईनं फोन केला, ही त्यांच्या मते भागाबाईचीच एक थाप.

रक्षा आता सरळ चालते. पळताना थोडी डोलते, पण पळते. उजव्या कानानं तिला ऐकू येत नाही, ते परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. याचा उपयोग तिनं चार दिवसांत शोधून काढला. खिचडी म्हटलं की डावा कान पुढं, ताट धू म्हटलं की उजवा. परवा भागाबाई तिच्या उजव्या बाजूला उभी राहून ताट धुवायला सांगत होती, आणि पोरगी खिडकीतून बाहेर बकऱ्या बघत होती. भागाबाई डाव्या बाजूला गेली. पोरगी शांतपणे जागच्या जागी वळली आणि तिनं उजवा कान पुन्हा भागाबाईकडं केला.