बुदैयाच्या तापट माश्या

कमी बोलणाऱ्या माणसाकडे किस्से फार साठतात. बोलणारा सांगून मोकळा होतो. आपण मात्र ऐकत राहतो, आणि सासूबाईंनी पुण्याहून फोनवर "मग, शुक्रवारी काय केलंत?" असं विचारलं की "काही नाही, शेतावर गेलो होतो," एवढंच सांगतो. माझ्याकडे असे बरेच शुक्रवार तुंबलेत.

शेत म्हणजे मनामाच्या पश्चिमेला, बुदैयात, अबू खालिद नावाच्या बहारीनी म्हाताऱ्याची खजुराची बाग. तिच्या एका कोपऱ्यात मेनेझिस अंकलच्या मधमाश्यांच्या पेट्या. अंकल मूळचे वसईचे, इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रिटायरमेंटला टेकलेले. आँटी गेल्या, मुलं कॅनडात, आणि फ्लॅटला बाल्कनीसुद्धा नाही. त्यांचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो आणि शुक्रवारीच संपतो. माझा नवरा निखिल बँकेत काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी अंकलचा चेला असतो. लग्नात मला हे सगळं त्याच्याबरोबरच मिळालं.

अबू खालिदनी जागा दिली ती एका अटीवर: माश्यांचा कुणाला त्रास झाला तर पेट्या उचलायच्या, खलास. दुसरी जागा मिळण्यातली नव्हती. अंकलनी पार रिफा शहरापर्यंत विचारून पाहिलं होतं. मधमाश्या म्हटलं की लोक चहा पाजायचे आणि प्रेमाने गेटपर्यंत सोडायला यायचे.

*

पहिल्या शुक्रवारी मी नवा काळा कुर्ता घालून गेले. माश्या थेट माझ्यावर. निखिलच्या अंगावर एकही नाही, अंकलच्या अंगावर एकही नाही. मी आपली खजुराच्या झाडाभोवती प्रदक्षिणा घालतेय.

नंतर अंकलनी समजावलं. या माश्या आफ्रिकेतल्या माश्यांच्या जवळच्या नात्यातल्या. मध चोरायला येणारे प्राणी बहुतेक गडद रंगाचे, त्यामुळे काळं दिसलं की त्या आधी डंख मारतात आणि मग चौकशी करतात. म्हणून इथे सगळे पांढऱ्या कपड्यांत येतात.

गाडीत मी निखिलला विचारलं, की हे घरून निघतानाच का नाही सांगितलंस?

"छान दिसत होतीस," तो म्हणाला.

*

अंकलनी सुरुवातीला परदेशातून आलेल्या माश्या घेतल्या होत्या. सोनेरी, शांत, उघड्या हातांनी पेटी उघडा, हूं नाही की चूं नाही. पहिल्याच उन्हाळ्यात सगळ्या मेल्या. मग या आणल्या: लहान, सावळ्या आणि नाकावर राग. पण ऊन वाढलं की काही जणी दारात ओळीने उभ्या राहून पंखांनी वारा घालतात, काही पाणी आणून आत शिंपडतात, आणि बाहेर डांबर वितळत असताना आतलं पिल्लू सुखरूप असतं.

"स्वभावाने गरीब घेऊन इथे संसार होत नाही गो पोरी," अंकल म्हणाले. "थोडी तापटच लागते."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने म्हणाले, "तुला नाही म्हणत."

निखिल धूर करायच्या डब्यात फार मन लावून फुंकत होता.

*

मुंग्यांचं वेगळंच. पेटीच्या स्टँडच्या पायांवरून त्या रांगेने चढतात आणि मध पळवतात. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत ठेवायचा. हे मला माहीत होतं. त्या वाट्या कुठून आल्या हे माहीत नव्हतं.

एकदा खाली वाकून बघते तर वाटीवर कोरलंय: "चि. सौ. कां. प्राजक्तास, मामाकडून." माझ्या रुखवतातला सेट!

निखिलचं म्हणणं, घरात आपण दोघंच, एवढ्या वाट्या लागतात कुठे? पण पुढच्या महिन्यात मामा-मामी बहारीनला आले आणि "मधमाश्या बघू या" म्हणाले, तेव्हा निखिलने मामांना पूर्ण दीड तास फक्त खजुराची झाडं दाखवली.

*

पाण्यावरून एकदा बाका प्रसंग आला होता. शेजारच्या व्हिलात स्विमिंग पूल, आणि आमच्या माश्या तिथे पाणी भरायला जायला लागल्या. तिथल्या बाईंनी अजून तक्रार केली नव्हती, पण भिंतीवरून बघायला लागल्या होत्या.

अंकलनी पेट्यांजवळ पसरट थाळ्यांत फिल्टरचं पाणी ठेवलं, बुडू नयेत म्हणून खडे घातले. एक माशी फिरकेना. मधमाशीला पाण्याची एक जागा पटली की ती सहसा सोडत नाही, आणि त्यात तिला स्वच्छ पाण्यापेक्षा वास असलेलं आवडतं. मग पाण्यात चिमूटभर मीठ घातलं, बागेच्या पाटातलं शेवाळ टाकलं, चांगलं आंबू दिलं. नाक धरावं असा वास सुटला आणि आठवडाभरात थाळ्यांवर झुंबड.

निखिलला ऑफिसच्या मशीनचा चहा का आवडतो हे मला त्या दिवशी कळलं.

*

मग तो शिकरणाचा शुक्रवार. नाश्त्याला मी शिकरण-पोळी नेली होती. केळी पिकून काळी पडायला आलेली, दुसरं करणार काय? निखिलने दोनदा घेतलं, शर्टावर सांडलं, आणि तसाच पेटीकडे गेला. झाकण जरा उचललं मात्र, आतला आवाजच बदलला.

एक माशी डंख मारते तेव्हा बाकीच्यांना बोलावणारा एक वास सुटतो. तो वास हुबेहूब पिकल्या केळ्याचा असतो. हे अंकलनी आम्हाला सांगितलं, पण झाडामागे लपून सांगितलं.

निखिलची मान सुजली ते सोडा. नेमके त्याच वेळी अबू खालिद आमच्यासाठी ताटभर खजूर घेऊन येत होते. त्यांच्या पापणीवर डंख बसला. एक डोळा मिटलेला, अशा अवस्थेत ते पेट्यांसमोर उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "अगला जुम्मा बॉक्स ले जाओ, सिद्दीक. खलास."

ते अंकलना सिद्दीक, म्हणजे दोस्त म्हणायचे. अंकलनी मान हलवली. अट त्यांना माहीत होती. परतीच्या वाटेवर ते एवढंच म्हणाले, की शुक्रवारी आता चर्चला सकाळच्या मिसाला जाता येईल.

*

पुढच्या शुक्रवारी आम्ही ड्रायव्हरसकट भाड्याची पिकअप घेऊन गेलो. संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर पेट्या बंद करायच्या होत्या. पण दारात एकही माशी दिसेना. अंकलनी झाकण काढलं. मेणाची पोळी जागच्या जागी, मध नाही, पिल्लं नाहीत, कुणी नाही. दुसरी पेटी तशीच. तिसरीही.

अंकल पेटीच्या कडेवर बसले. आम्हाला मराठीत म्हणाले, "या काय रागावून नाय गेल्या. ऊन वाढलं, फुलं संपली. पिल्लं वाढवणं केव्हाच थांबवलेलं यांनी. कधीच्या आवरत होत्या. मागच्या शुक्रवारी नीट बघायला मिळालं असतं तर दिसलं असतं."

तेवढ्यात अबू खालिद आले. डोळा बरा झाला होता. "यल्ला," ते म्हणाले. चला.

"मफी," अंकल म्हणाले. नाहीत.

अबू खालिदनी पेटीत वाकून पाहिलं. मग दुसरीत. मग वर, झाडांकडे. कुठे गेल्या, कधी गेल्या, असं दोन-तीनदा विचारलं. आपल्या बागेच्या पाण्यात काही कमी होतं का, असंही विचारलं.

"तुम उनको बोल दिया?" त्यांनी अंकलना हळूच विचारलं. "मैं जो बोला था?"

निखिलने तोंड उघडलं. अंकलनी त्याच्याकडे न बघताच त्याच्या पायावर पाय ठेवला.

"मैं नहीं बोला," अंकल म्हणाले. "लेकिन आप तो बॉक्स के सामने ही बोले थे."

अबू खालिदनी डोक्यावरचा रुमाल नीट केला. मग गुडघ्यावर हात ठेवून ते पहिल्या पेटीच्या दाराशी वाकले आणि आत अरबीत काहीतरी बोलले. अगदी हळू. दुसऱ्या पेटीशी तेच, तिसऱ्या पेटीशी तेच. आम्हा दोघांना अरबी येत नाही. अंकलना येतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

उठून उभे राहिल्यावर अबू खालिदनी आमच्या पिकअपकडे बोट दाखवलं आणि ड्रायव्हरला हाताने खूण केली, की रिकामाच जा.