प्रेस शॉपमधला फोटो

तो फोटो आम्ही सकाळी दहाला वेबसाइटवर टाकला. बारा वाजून गेल्यावर तो ज्यानं काढला होता, त्याचा फोन आला.

"ताई, फोटू काढा आधी. बाकीचं मागनं बोलू."

"का? चुकीचा आहे का?"

"चुकीचा न्हाई हो. माझा हाय."

चाकणच्या एका कारखान्यातल्या प्रेस शॉपमधला फोटो होता तो. पत्रा दाबणाऱ्या मशीनला सेन्सर असतो. हात आत असेल तर मशीन चालत नाही. पण सेन्सरमुळे काम हळू होतं, म्हणून तो बंद करून ठेवलेला. त्या मशीनवर मराठवाड्यातून आलेल्या एका कंत्राटी कामगाराची दोन बोटं गेली आणि कंपनीनं कागदावर लिहिलं, मोटरसायकलवरून पडला. कामगारानं आम्हाला स्वतः सगळं सांगितलं होतं. दवाखान्याचा कागदही होता. आणि तयार माल तपासणाऱ्या क्वालिटी विभागात काम करणाऱ्या, चाकणजवळच्या गावातल्या एका तरुणानं बंद सेन्सरचा फोटो पाठवला होता.

आमची वेबसाइट म्हणजे मी आणि माझा कॉलेजातला मित्र. संत तुकाराम नगरातल्या आमच्या घराची पुढची खोली हेच ऑफिस. महापालिकेत काय शिजतंय, कुठला पुढारी कुठल्या कंपनीचं कंत्राट सांभाळतो, हे आम्ही लिहायचो. बाबा आयुष्यभर कंपनीत होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. कमळातला 'क' गिरवायच्या आधी मला 'कामगार बंधू-भगिनींनो' वाचता येत होतं. त्यामुळे आपल्याला हे काम रक्तातूनच येतं, असा माझा समज होता.

फोटोतला कंपनीचा बोर्ड आम्ही कापला होता, मशीनचा नंबर पुसला होता. वकिलांनाही दाखवला होता. पण प्रेस शॉपमध्ये फोन न्यायला बंदी असते, हे मला माहीत नव्हतं. सगळ्यांचे फोन गेटवरच्या लॉकरमध्ये. आत नेता येतो तो फक्त क्वालिटीच्या माणसांना, कारण खराब निघालेल्या पार्टचे फोटो त्यांना पाठवावे लागतात. फोटो अपघाताच्याच शिफ्टमध्ये काढलेला, आणि त्या शिफ्टला क्वालिटीचे दोघंच होते.

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुमाला खातरी पटावी म्हणून धाडला. छापा म्हणलं होतं का मी?"

नव्हतं म्हटलं. मी विचारलंही नव्हतं.

मित्र लॅपटॉपसमोरून उठेना. "आत्ता काढला ना, तर लोक म्हणतील टरकले. सकाळपासून किती ग्रुपवर फिरतोय बघ."

"काढ."

"अगं पण स्क्रीनशॉट गेलेत. आता काढून उपयोग काय?"

"काढ म्हणते ना!"

त्यानं काढला. उपयोग नव्हताच, हे दोघांनाही कळत होतं.

बाबा भाजी घेऊन आले. मी सांगितलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली नाही, तसेच उभे राहिले.

"वकिलाला दाखवलंस. कामगाराला दाखवलंस?"

मी पिशवी घ्यायला हात पुढे केला.

"आम्ही पत्रक छापायच्या आधी आतल्या एका माणसाला वाचून दाखवायचो. अडाणी असला तरी. तो म्हणायचा, हे वाक्य काढा, हे मला एकट्यालाच माहीत आहे. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला कशाला लागतोय तो!"

पहिली शिफ्ट सुटायच्या वेळेला मी गाडी काढली. मोशीला नेहमीसारखी गर्दी, पुढे कंटेनर. फोटो काढणारा तो तरुण तीन वर्षं ट्रेनी होता. पुढच्या महिन्यात त्याला पर्मनंटचं पत्र मिळणार होतं. घरची थोडी शेती रस्त्यात गेलेली, आणि या पत्रावर त्याच्या बहिणीचं पुढचं शिक्षण ठरलेलं.

गेटपासून लांब, त्याच्या गावाच्या फाट्यावर चहाच्या टपरीला तो भेटला. हातात घडी घातलेला कागद होता.

"दोघांना बोलावलं," तो म्हणाला. "दुसरा बारक्या पोरींचा बाप. घामानं भिजला पार. त्याच्याकडं बघवंना, म्हणलं मीच काढला."

"मग?"

"मग हे." त्यानं कागद पुढे केला. टाइप केलेला होता. फोटो जुना आहे, मशीन दुरुस्तीला उघडलं होतं तेव्हाचा आहे, वेबसाइटनं मला न विचारता आणि खोट्या माहितीसह वापरला. खाली सहीची जागा.

"उद्या सकाळी सही करून नेला तर कामावर. न्हाईतर गेटावरनंच माघारी."

'न विचारता' एवढंच त्यात खरं होतं.

"सही केली तर तुमी खोट्या पडता, ताई. न्हाई केली तर मी घरी. काय करू सांगा. तुमी लिव्हणारी मान्सं."

अशा प्रसंगावर मी कितीतरी लेख लिहिले होते. भीती ही मालकाची पहिली पगारी नोकर असते, असं वाक्यही माझं. टाळ्या पडल्या होत्या त्याला.

"सही करा," मी म्हणाले. शेजारून ट्रक गेला, त्यामुळे पुन्हा म्हणावं लागलं. "सही करा."

त्यानं कागद परत घेऊन घडी घातली. "आन् ज्याची बोटं गेली त्याचं?"

"त्यानं स्वतः सांगितलंय. दवाखान्याचा कागद आहे. बातमी त्यावर उभी राहते."

"मग फोटू कशाला टाकला वो?"

जास्त लोकांनी बघावं म्हणून. हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही. यंदा तो स्वतःहून दुसऱ्या कंपनीत गेला आणि म्हणाला, आता लिव्हा. तेव्हा सांगितलं. हा मजकूरही त्याला आधी वाचून दाखवलाय. दोन वाक्यं त्यानं काढायला लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीचं पत्र आलं, सोबत त्याची सही. मित्र भडकला. मीही. तासाभरात मी उत्तर लिहिलं. फोटो कोणत्या दिवशी काढला हे फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेलं होतं. एका ओळीत कंपनी उघडी पडत होती. बाबांना वाचून दाखवलं.

"झणझणीत आहे," ते म्हणाले. "आणि हे छापल्यावर कंपनी कुणाला बोलावणार?"

मी फाइल बंद केली. बातमीतलं एक अक्षर बदललं नाही, पण तिच्याखाली कंपनीचं पत्र जसंच्या तसं छापलं. आमची बाजू म्हणून एकच ओळ लिहिली: फोटो त्या व्यक्तीच्या परवानगीशिवाय वापरला, ही चूक आमची.

संध्याकाळपर्यंत प्रतिक्रिया येत राहिल्या. विकले गेलात. आधी शाळेत जा. खोटारड्या बाईला आत टाका. एकेकाला उत्तर द्यायला बोटं शिवशिवत होती. कुणालाच दिलं नाही.

त्याचा मेसेज आला. "ताई, शिव्या वाचल्या. लई वाईट वाटलं."

"उद्या कुठली शिफ्ट?" मी विचारलं.

"पयली."

"मग झोपा लवकर."