दक्षिणेकडचा दिवा
कणीक जळाल्याचा वास आला की मला भीमपूरकडच्या आमच्या घरातली ती धनत्रयोदशी आठवते. डॉक्टरांनी हात टेकल्यावर बाबांना आम्ही घरी आणलं होतं. ज्यांच्या हट्टामुळे मी आमच्या घरातून पहिली कॉलेजात गेले, ते आता ओसरीवर पडून होते. त्या संध्याकाळी यमासाठी कणकेचा दिवा दक्षिणेकडे तोंड करून ठेवतात, पण आई तयार नव्हती. “दुखणं घरात असताना त्याचं नाव काऊन घ्याचं?” ती म्हणाली. बाबा म्हणाले, “देवापुढं इतके दिवे लावतं, अंधारालेबी एक दे. त्याचा वाटा भेटला तं तो घरात येत नाई.” शेवटी आईनं दिवा माझ्या हातात दिला. “ठेवून ये, बाई. मागं पाहू नको, नाई तं दिवा फुकट जाते.” “पाहीनच ते पोरगी,” बाबा हसले, “कॉलेजवाली हाय.” कपाशीच्या बांधावर दिवा ठेवून मी निघाले, तेवढ्यात मागं सळसळ झाली आणि मी वळले. कुत्र्यानं दिवा तोंडात धरला होता आणि वात मातीत विझली होती. घरी आईनं विचारलं, तेव्हा मी म्हणाले, “नाई पाह्यलं. चांगला जळून राह्यला.” बाबा पाडव्याआधी गेले. कुत्र्यानं दिवा खाल्ला म्हणून माणूस मरत नाही, एवढं मी शिकले आहे. पण आई अजून दर धनत्रयोदशीला विचारते, “त्याचा वाटा तं आपण देल्ला होता ना, बाई? मंग काऊन नेलं?” तिला पटेल असं एकच उत्तर माझ्याजवळ आहे आणि ते माझ्याच्यानं देववत नाही.