ती इथं राहत नाही

शनिवारी दुपारी सायवनला एसटीतून उतरून, पुढे चालत मी आमच्या पाड्यावर पोचले, तेव्हा आई ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होती. मला बघून ती उठलीच. एवढी खुशीत मी तिला क्वचितच पाहिलं होतं.

"बुधवारी पोलीस आलता," ती हळू आवाजात म्हणाली. "तुझं नाव घेऊन विचारत होता."

"मग?"

"मग काय! सांगितलं, ती इथं राहत नाय. कव्हाच गेली. कोठं गेली, मला काय म्हाइत नाय."

शेजारची काकी कुडाच्या पलीकडून ओरडली, "मी तं सांगितलं, असल्या नावाची पोर आमच्या पाड्यातच नाय!" आणि दोघी हसल्या. आईने त्याला उन्हातून विहिरीपर्यंत पाठवलं होतं, तिथल्या बायांनी पुढच्या पाड्यावर. आई माझ्याकडे बघत होती. शाबासकीची वाट बघत होती, हे मला आता कळतं.

मी पिशवी हातातच धरून उभी राहिले. तो पोलीस माझ्या पासपोर्टसाठी आला होता.

मी तेव्हा डहाणूच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते आणि मुलींच्या वसतिगृहात राहत होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेलं दुसरं कोणी नाही. एका संस्थेच्या युवा देवाणघेवाण कार्यक्रमात माझी निवड झाली होती. मे महिन्यात तीन आठवडे जपानमध्ये, तिथल्या एका कुटुंबात राहायचं. त्या कुटुंबाचं पत्रही आलं होतं. घरात म्हातारा कुत्रा आहे, भीती वाटते का, असं विचारलं होतं. आमच्याकडे जमिनीवर गादी घालून झोपतात, तुला चालेल का, असंही. ते वाचून मी वसतिगृहात एकटीच हसले होते. मी आयुष्यभर जमिनीवरच झोपत आले होते. ते पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर कागद फाटायला लागला.

पासपोर्टचा नंबर मार्चच्या मध्यापर्यंत संस्थेला कळवायचा होता. नाहीतर जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलीला जाणार होती. हे सगळं मला माहीत होतं. पोलीस घरी चौकशीला येतील, हेसुद्धा आमच्या कॉलेजातल्या मॅडमनी सांगितलं होतं. "घरी सांगून ठेव गं," त्या म्हणाल्या होत्या. मी सांगितलं नाही. पोलीस हा शब्द आईसमोर काढायचा धीर झाला नाही. मला वाटलं, ते आधी फोन करतील. माझा फोन नंबर फॉर्मवर होता. पण त्या बुधवारी मी परीक्षेला बसले होते आणि फोन बंद होता.

आई का घाबरली, हे मला कोणी समजावायची गरज नव्हती. मी शाळेत असताना जंगलातल्या जमिनीवरून काहीतरी तक्रार झाली आणि पोलिसांनी काकाला चौकशीला नेलं. तो तिसऱ्या दिवशी परत आला. मारलं नव्हतं, पण तो कितीतरी दिवस कोणाशी बोललाच नाही. तेव्हापासून पाड्यात ठरून गेलं की खाकी कपड्यातल्या माणसाने कोणाचं नाव विचारलं, की त्या नावाचं इथं कोणी नसतं. मी स्वतः लहानपणी एकाला उलट्या वाटेला लावलं होतं आणि त्याबद्दल मला आईनेच गूळ दिला होता.

तरीही मी त्या दिवशी तिच्यावर ओरडले. काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. तुला काही कळत नाही, असंही म्हणाले. आई शेंगांचं सूप मांडीवर घेऊन ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी खोटं कोठं बोलली? तू राहते का इथं?"

मॅडमच्या सल्ल्याने फॉर्मवर घरचाच पत्ता टाकला होता. वसतिगृहाचा टाकला नव्हता.

सोमवारी मी पोलिस ठाण्यात गेले. पाड्यावर आलेला शिपाई भला माणूस होता. "ताई, मी पाच पाडे फिरलो," तो म्हणाला. "तुमच्या आईने पाणीसुद्धा विचारलं नाही हो. रिपोर्ट वर गेला. आता ठाण्याच्या पासपोर्ट ऑफिसला अर्ज करा, परत चौकशी लागेल तेव्हा मी येईन." ठाणे शहरात जाऊन मी पासपोर्ट कार्यालयात अर्ज दिला. खिडकीतल्या बाईंनी तो घेतला, शिक्का मारला. किती दिवस लागतील, हे त्यांनाही सांगता येईना. त्यानंतर रोज वर्ग सुटला की मी डहाणू रोडच्या स्टेशनजवळ सायबर कॅफेत जाऊन अर्जाचं काय झालं ते बघायचे. रोज तेच, पोलिस अहवाल प्रतिकूल. सायबरवाला माझा फाईल नंबर न विचारता टाकायला लागला.

जेवण जात नव्हतं. वर्गात शिकवलेलं एक अक्षर आठवत नाही.

मुदतीला चार दिवस उरले असताना सकाळी वसतिगृहाच्या फाटकाशी आई बसलेली दिसली. ती कधी एकटी डहाणूला आली नव्हती. वडील बोटीवर खलाशी, हंगाम संपेपर्यंत ते येणार नव्हते, म्हणून तिला आणणारंही कोणी नव्हतं. तिने बाजाराला नेसायची साडी नेसली होती.

"चल, त्या पोलिसाकडं," ती म्हणाली. "मी सांगते, मी खोटं बोलली."

पोलिस ठाण्याच्या पायरीपाशी तिने माझा दंड धरला, तो आत जाईपर्यंत सोडला नाही. शिपायाने ओळखलं. "या मावशी! आज सापडली का मुलगी?"

आईला हसता आलं नाही. "साहेब, ती माझीच पोर. माझं नाव लिहून घ्या. तिचं काय चुकलं नाय."

"मावशी, मला पटलं हो. पण कागद वर गेलाय."

"वर म्हंजे कोठं? मी तिथं जाते."

त्याने तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

मुदतीच्या दिवशी संध्याकाळी मॅडमचा फोन आला. त्यांनी एक दिवस वाढवून मागितला होता, मिळाला नव्हता. "तू अजून लहान आहेस, पुढच्या वर्षी," त्या म्हणाल्या. पुढच्या वर्षी माझं वय कार्यक्रमात बसणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं.

आठवड्याने शिपाई परत चौकशीला आला. मी मुद्दाम घरी आले होते. आईने ओटा सारवला होता. चहा, केळी, सगळा पाडा साक्षीला. काकी पुढे होऊन मला ढकलत म्हणाली, "हीच ती! नीट बघून घ्या, नायतर परत विसराल." सगळे हसले. मी सही केली. तो गेल्यावर आईने विचारलं, "आता कधी जायचं?"

तोवर मी तिला सांगितलं नव्हतं.

"जागा गेली, आई. मागच्याच आठवड्यात."

ती रिकामे कप तसेच धरून उभी होती. "मग याला कशाला येऊ दिला?" तिने विचारलं. मी तिच्या हातातले कप घेतले.

पासपोर्ट एप्रिलमध्ये आला. तो माझ्या पेटीत आहे, त्यावर एकही शिक्का नाही. पण मला त्याचं एवढं नाही. आई आता कोणालाच काही सांगत नाही. यादी करायला आलेल्या अंगणवाडीच्या बाईने परवा घरात माणसं किती विचारलं, तर तिने आधी माझ्याकडे बघितलं. तिचं स्वतःचं नाव विचारलं, तरीही माझ्याकडेच.